प्रथिनांची ‘गाळलेल्या जागा भरा’: ईएसएम-२ मॉडेल सिकलसेलच्या प्रथिनावर चालवून पाहू

शाळेच्या पेपरात ‘गाळलेल्या जागा भरा’ हा हमखास मार्कांचा प्रश्न असायचा. ईएसएम-२ नावाच्या मॉडेलने आयुष्यात तेवढा एकच प्रश्न सोडवलाय, पण कोट्यवधी वेळा. प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. प्रत्येक आम्लाला एक अक्षर दिलं की माळेचं वाक्य होतं. मेटा कंपनीच्या संशोधकांनी अशी कोट्यवधी वाक्यं घेतली, प्रत्येकातली सुमारे १५ टक्के अक्षरं झाकली आणि मॉडेलला ती ओळखायला लावलं. हिमोग्लोबिन म्हणजे काय किंवा रोग कशाला म्हणतात, हे त्याला कुणीही सांगितलं नाही. २०२२ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं.

या लेखात ते मॉडेल एका प्रथिनावर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवायचं आहे, आणि त्यातलं एकेक अक्षर बदललं तर ते किती खटकेल याचे गुण काढायचे आहेत. पायथॉन जुजबी येत असेल आणि बारावीचं जीवशास्त्र आठवत असेल, तर पुरे. प्रथिन घेऊ बीटा-ग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिनच्या दोन जातींच्या साखळ्यांपैकी एक. कारण सरळ आहे: नवं हत्यार हाती आलं की ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागे छापलंय ते गणित आधी सोडवावं. सिकलसेल म्हणजे याच साखळीतल्या एका बदलामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आजार. तो ‘रेणूचा आजार’ आहे असं रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये दाखवलं, आणि पुढच्या दहा वर्षांच्या आत व्हर्नन इनग्रॅम यांनी तो रेणूतल्या नेमक्या एका आम्लापर्यंत आणून ठेवला. विदर्भात गडचिरोली-चंद्रपूरकडे किंवा नंदुरबारच्या सातपुड्यात आरोग्य खात्यात काम केलेल्या माणसाला हा आजार पुस्तकातून शिकावा लागत नाही.

पहिली पायरी: क्रम आणा, आणि क्रमांकांचा घोळ आधीच मिटवा

युनिप्रॉट या सार्वजनिक माहितीकोशात पी६८८७१ हा क्रमांक शोधा आणि फास्टा फाइल (अक्षरांचा क्रम साध्या मजकुरात ठेवणारी) उतरवून घ्या. मोजून १४७ अक्षरं भरली पाहिजेत. सुरुवात अशी: मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, पुन्हा ग्लुटामिक आम्ल, लायसिन.

आता गंमत बघा. जुन्या पुस्तकांत सिकलसेलचा बदल ‘सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन’ असा लिहितात. आजच्या जनुकीय अहवालात तोच बदल सातव्या जागी दिसतो. दोन्ही बरोबर आहेत. पेशीत साखळी तयार झाली की पहिलं मेथिओनिन छाटलं जातं, आणि जुने रक्तशास्त्रज्ञ छाटलेल्या साखळीपासून मोजत. त्यात पायथॉन शून्यापासून मोजतो, म्हणजे त्याच्या लेखी ही जागा पुन्हा सहावी. आणि मॉडेलचा टोकनायझर, म्हणजे क्रमाचे मॉडेलला समजणारे तुकडे (टोकनं) करणारा भाग, क्रमाच्या आधी एक सुरुवातीची खूण चिकटवतो, त्यामुळे टोकनांच्या यादीत ती परत सातवी!

अशा वेळी शहाणा माणूस तपासणीची ओळ लिहितो: ‘या जागी मूळ अक्षर ग्लुटामिक आम्ल नसेल तर थांब.’ मीही लिहिली होती. तरी चुकलो. मूळ क्रमाच्या मजकुरात मी पायथॉनला सातवी जागा मागितली, त्याने आठवी दिली, आणि तिथेही ग्लुटामिक आम्लच बसलेलं! तपासणी बिनबोभाट पार पडली आणि दोन दिवस मी शेजारच्या अक्षराचे गुण सिकलसेलचे म्हणून मिरवत होतो. तेव्हापासून एक अक्षर तपासून मी थांबत नाही. डावीकडची दोन, उजवीकडची दोन अशी पाच अक्षरांची खिडकी छापून डोळ्यांनी बघतो. सिकलसेलसाठी ती खिडकी थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक, ग्लुटामिक, लायसिन अशीच दिसायला हवी.

इथून पुढे मी सगळीकडे मेथिओनिन धरून मोजलेले क्रमांक देतो. जुन्या पुस्तकाशी ताडायचं असेल तर एक वजा करा.

दुसरी पायरी: केवढं मॉडेल घ्यायचं?

ईएसएम-२ सहा आकारांत मिळतं: ८० लाख, ३.५ कोटी, १५ कोटी, ६५ कोटी, ३०० कोटी आणि १५०० कोटी पॅरामीटर (मॉडेल शिकताना जुळवतं ते आकडे). मोठं ते चांगलं असं समजून थेट शेवटच्याला हात घालू नका. एकेका बदलाचे गुण काढण्याच्या कामात आकार वाढवत नेला की एका टप्प्यानंतर फायदा आटतो, कधी उलटतोही. रोजच्या कामाला ६५ कोटींचं मॉडेल बरं. त्यात ३३ थर आहेत, आणि प्रत्येक अक्षरासाठी ते १२८० आकड्यांची एक ओळ तयार करतं. पूर्ण अचूकतेत ते मेमरीत साधारण २.६ जीबी जागा घेतं, म्हणजे गुगल कोलॅबच्या फुकट मिळणाऱ्या जीपीयूवर आरामात बसतं. आपलं प्रथिन इतकं छोटं आहे की ८ जीबीच्या साध्या लॅपटॉपवरही जीपीयूशिवाय काम होईल, फक्त चहा होईपर्यंत थांबावं लागेल. कोड लिहिताना मात्र ८० लाखांचं बारकं मॉडेल लावा. चुका त्याच्यावर काढा, आकडे मोठ्यावर.

पायटॉर्च आणि ट्रान्सफॉर्मर्स या दोन लायब्ररी बसवा, मॉडेल हगिंग फेस या मॉडेलांच्या संकेतस्थळावरून आपोआप उतरतं. इथे एकच खबरदारी. तेच मॉडेल तीन-चार रूपांत उघडता येतं. आपल्याला हवं ते झाकलेलं अक्षर ओळखणारं रूप, म्हणजे ज्याच्या टोकाला २० अक्षरांची शक्यता देणारा थर शिल्लक आहे. चुकून वर्गीकरणाचं रूप उघडलंत तर टोकाचा थर यादृच्छिक आकड्यांनी भरलेला असतो. ‘काही वजनं नव्याने भरली आहेत’ अशा अर्थाची एक सूचना पडद्यावर येते आणि आपण ती नेहमीच्या सवयीने वर सरकवून देतो. ती वाचा. कोड न अडखळता चालतो, आकडे येतात, आलेखही सुंदर दिसतो, आणि सगळं शून्य किमतीचं असतं.

तिसरी पायरी: एकेक अक्षर झाका

कृती अशी. क्रमाची टोकनं करा. पहिल्या अक्षराच्या जागी झाकणाची खूण ठेवा, मॉडेल चालवा, त्या जागेसाठी २० आम्लांच्या शक्यता नोंदवा. खूण उचलून दुसऱ्या अक्षरावर ठेवा. असं १४७ वेळा. ग्रेडियंट (फक्त मॉडेल शिकवताना लागणारा हिशेब) बंद ठेवायला विसरू नका, नाहीतर मेमरी विनाकारण भरते. वेळ वाचवायचा तर एकेक न चालवता सोळा-सोळाचे गठ्ठे करा.

मग प्रत्येक जागी हा हिशेब: नव्या अक्षराच्या शक्यतेला मूळ अक्षराच्या शक्यतेने भागा आणि लॉगॅरिथम घ्या. समजा मूळ अक्षराला मॉडेलने ०.४० दिले आणि नव्याला ०.००४, तर भागाकार ०.०१ आणि त्याचा नैसर्गिक लॉग सुमारे उणे ४.६. शून्याच्या आसपासचा आकडा म्हणजे ‘चालेल, हे अक्षरही इथे शोभतं’. जितका खोल उणे, तितकं ते अक्षर त्या जागी खटकतं. अधिक आला तर मॉडेलला मूळ अक्षरापेक्षा नवंच बरं वाटतंय. असं होतं, घाबरू नका.

हातात १४७ रांगा आणि १९ बदल, म्हणजे २७९३ आकडे आले. पहिल्या मेथिओनिनची रांग काढून टाका. ते गेलं तर साखळी बनायलाच सुरुवात होत नाही, त्या जागेला गुण देण्यात अर्थ नाही. उरले २७७४. त्यांचा उष्णतानकाशा काढा: आडव्या अक्षावर जागा, उभ्या अक्षावर आम्लं, गडद म्हणजे खोल उणे.

एक उपमार्गही आहे. काहीच न झाकता अख्खा क्रम एकदाच चालवायचा आणि त्याच शक्यता वापरायच्या. १४७ ऐवजी एकच फेरी. हजारो प्रथिनांवर काम असेल तर तोच परवडतो, पण एखाद-दुसऱ्या प्रथिनासाठी झाकण्याची पद्धत थोडी सरस ठरते. मात्र एकाच तक्त्यात दोन पद्धतींचे आकडे मिसळू नका.

चौथी पायरी: ओळखीच्या बदलांनी मॉडेलची परीक्षा घ्या

नकाशा हाती आला की लगेच नवीन शोध लावायची घाई होते. आधी परीक्षा.

हिमोग्लोबिनमध्ये लोहाचा अणू ज्या हीममध्ये बसतो, त्याच्या दोन बाजूंना दोन हिस्टिडिन असतात: ६४ वं आणि ९३ वं. यांच्या जागी टायरोसिन आलं की लोह ऑक्सिजन धरण्याच्या कामातून बाद होतं आणि रुग्णाची त्वचा निळसर दिसते. हिमोग्लोबिन-एम गटातले हे बदल आहेत. ९९ व्या व्हॅलिनच्या जागी मेथिओनिन आलं तर हिमोग्लोबिन अस्थिर होतं. हे हिमोग्लोबिन कोलोन. या तिन्ही जागा तुमच्या नकाशात गडद दिसल्या पाहिजेत. नसतील तर मॉडेलला दोष देण्याआधी पहिल्या पायरीवर परत जा, बहुधा क्रमांक घसरलाय.

दुसऱ्या टोकाला निरुपद्रवी बदल हवेत. ते कुठून आणायचे? इथे एक सुरेख सोय निसर्गानेच केली आहे. आपल्या रक्तात हिमोग्लोबिनचा एचबी-ए२ हा प्रकार थोडासा असतो. त्यात बीटाऐवजी डेल्टा साखळी असते. ती बीटाची सख्खी बहीण, फक्त १० जागी वेगळी. १० व्या जागी सेरिनऐवजी थ्रिओनिन, १३ व्या जागी थ्रिओनिनऐवजी अ‍ॅस्पॅराजिन, २३ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी अ‍ॅलानिन, आणि असेच आणखी सात. उत्क्रांतीने हे दहा बदल प्रत्यक्ष वापरून पाहिलेत. त्यांचे गुण एकूणात शून्याकडे झुकलेले असायला हवेत. एखादा बाहेर गेला तर हरकत नाही, कारण डेल्टात ते दहा मिळून नांदतात आणि आपण बीटात एकेक घालून बघतोय.

या दोन टोकांच्या मधे तुमचे बाकीचे आकडे वाचा. एखाद्या शोधनिबंधातली हानिकारक-निरुपद्रवी यांच्यातली सीमारेषा उचलून लावू नका. २०२३ मध्ये ईएसएम-१बी या आधीच्या मॉडेलने मानवी प्रथिनांतल्या सुमारे ४५ कोटी संभाव्य बदलांचे गुण काढले गेले, तिथे उणे ७.५ ही रेषा वापरली होती. ती त्या मॉडेलची रेषा. ईएसएम-२ ची मोजपट्टी वेगळी आहे, आणि ६५ कोटींच्या मॉडेलची ३०० कोटींच्या मॉडेलपेक्षाही वेगळी असते. साधा बचाव म्हणजे त्याच प्रथिनातल्या सगळ्या २७७४ बदलांत आपला बदल कितव्या क्रमांकावर येतो ते सांगायचं.

आणि सोबत ब्लोसम६२ या जुन्या तक्त्याचे गुण शेजारच्या रकान्यात ठेवा. १९९२ चा हा तक्ता कुठलं आम्ल कुठल्या आम्लाची जागा सहज घेतं एवढंच सांगतो, जागा बघतही नाही. तुमचं ६५ कोटींचं मॉडेल या कागदी तक्त्याला हरवत नसेल, तर काहीतरी चुकलंय.

पाचवी पायरी: जिथे मॉडेल आंधळं आहे तिथे उभं राहून बघा

आता सिकलसेलचा आकडा बघा: सातवी जागा, ग्लुटामिक आम्ल जाऊन व्हॅलिन. तुमच्या नकाशात ही जागा हीमच्या हिस्टिडिनांइतकी गडद निघेल असं धरून चालू नका. पहिल्यांदा करणारा इथेच गोंधळतो: ज्या बदलाने माणसं आयुष्यभर वेदना सोसतात, त्याची मॉडेलला फिकीर का नसावी?

कारण ही जागा साखळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. तिथे व्हॅलिन आलं तरी साखळीची घडी मोडत नाही आणि हीमही जागच्या जागी राहतं. ऑक्सिजन सुटल्यावर मात्र ते पाणी टाळणारं व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिन रेणूच्या खाचेत जाऊन बसतं. त्या खाचेत ८६ वं फिनाइलअ‍ॅलानिन आणि ८९ वं ल्युसिन असतं. एकाला एक रेणू चिकटत दोर तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. हे घडतं कारण तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन खचाखच भरलेलं असतं. मॉडेलने पाहिलंय एका साखळीचं एक वाक्य. पेशीतली गर्दी त्याच्या वाचनात नाही. ‘हे अक्षर या वाक्यात शोभतं का’ याचं उत्तर ते देतं. ‘हा माणूस आजारी पडेल का’ हा प्रश्न त्याला कधी विचारलेलाच नव्हता.

लोकसंख्येतल्या प्रमाणावरून ठरवायला जाल तर आणखी फसाल. ‘जे वारंवार दिसतं ते निरुपद्रवी’ हा एरवी चांगला आडाखा आहे. पण सिकलसेलचा एकच जनुक असलेल्याला हिवतापापासून संरक्षण मिळतं, म्हणून मध्य भारतातल्या काही समाजांत वाहकांचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर आहे.

दुसरं उदाहरण ईशान्य भारतात भरपूर आढळणाऱ्या हिमोग्लोबिन-ई चं. २७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन. मॉडेल फक्त या अदलाबदलीचा विचार करतं. खरी मेख डीएनएमध्ये आहे: जिथे अक्षर बदलतं तिथे जनुकाची कात्री चालण्याची एक सुप्त जागा जागी होते, काही संदेश चुकीच्या ठिकाणी कापले जातात आणि साखळी कमी बनते. प्रथिनाचं मॉडेल हे बघूच शकत नाही. भारतात बीटा-थॅलेसेमियाचा (बीटा साखळी कमी बनण्याच्या आजाराचा) सर्वाधिक आढळणारा बदल तर पहिल्या इंट्रॉनच्या, म्हणजे कात्रीने कापून टाकायच्या तुकड्याच्या, पाचव्या जागी आहे. तिथे प्रथिनाचं अक्षरच नाही, तुमच्या नकाशात त्याला रांगही मिळणार नाही. अशा बदलांसाठी स्प्लाइसएआयसारखं डीएनए वाचणारं साधन लागतं. ते एखाद्या जागेभोवतीची १०,००० अक्षरं बघून कात्री कुठे चालेल ते सांगतं.

माझ्या वहीत म्हणून प्रत्येक बदलापुढे गुणांआधी एक रकाना असतो: ‘हा बदल नुकसान करत असेल तर कोणत्या वाटेने?’ घडी मोडणं, सक्रिय जागा बिघडणं, चिकटणं, कात्री चुकणं. पहिल्या दोन वाटांवर मॉडेलचा शब्द वजनदार. पुढच्या दोन वाटांवर ते गप्प बसलं तर त्याचा अर्थ ‘सुरक्षित’ असा काढायचा नाही.

सहावी पायरी: मॉडेलची आतली ओळख वापरून स्वतःचं वर्गीकरण

गुणांपलीकडे जायचं असेल तर प्रत्येक अक्षरासाठीची १२८० आकड्यांची ओळ काढून घ्या. अख्ख्या प्रथिनाची एक ओळ हवी असेल तर सगळ्यांची सरासरी. त्यातून सुरुवातीची आणि शेवटची खूण वगळा, आणि गठ्ठ्यात छोट्या क्रमांना जोडलेली भरतीची टोकनंही. भरती वगळायची राहिली की मॉडेल प्रथिनाचा गुणधर्म सोडून त्याची लांबी शिकतं. त्यावर साधं लॉजिस्टिक रिग्रेशन (नमुने दोन गटांत वाटणारं सूत्र) चालवा. शंभर-दोनशे नमुने असताना ६५ कोटी पॅरामीटर नव्याने शिकवायला बसू नका.

सगळ्यात जास्त प्रकल्प मात्र नमुन्यांच्या वाटणीत बुडतात. माणसाचं बीटा-ग्लोबिन सरावाच्या गटात, चिंपांझीचं परीक्षेच्या गटात. दोन्ही क्रम सारखेच असताना ९८ टक्के अचूकता आली नाही तरच नवल. पेपर फुटला म्हणतात तो प्रकार हाच. उपाय: एमएमसीक्स२ नावाच्या प्रोग्रॅमने क्रमांचे साम्यावरून पुंजके करा, ३० टक्के साम्याची मर्यादा ठेवा, आणि अख्खा पुंजका एकाच गटात टाका. अचूकता धाडकन खाली येईल. तीच खरी.

इतर मॉडेलं: थोडक्यात

एकेका पेशीतल्या जनुकांची सक्रियता मोजलेली असेल तर जीनफॉर्मर आणि एससीजीपीटी ही नावं भेटतील. दोन्हींच्या पहिल्या आवृत्त्या सुमारे ३ कोटी पेशींवर वाढलेल्या आहेत. जीनफॉर्मर पेशीतल्या जनुकांना सक्रियतेच्या क्रमाने लावून त्याचंच वाक्य करतं, ही कल्पना मला फार आवडते. पण एखादं जनुक बंद केलं तर पेशीत काय होईल, या प्रश्नावर २०२५ मध्ये नेचर मेथड्समध्ये आलेल्या तुलनेत अशी मोठी मॉडेलं साध्या रेषीय सूत्रांना हरवू शकली नव्हती. म्हणजे ब्लोसमचा तो शेजारचा रकाना तिथेही हवाच. डीएनएसाठी २०२५ चं एव्हो-२ आहे, एका वेळी १० लाख अक्षरं वाचणारं. त्याला घरचा लॅपटॉप पुरणार नाही. आणि गुगल डीपमाइंडच्या अल्फामिसेन्सने ७.१ कोटी बदलांचे गुण आधीच काढून ठेवलेत, ते फुकट उतरवता येतात. काहीही चालवायच्या आधी तुमचा बदल त्यात बघून घ्या.

रुग्णाच्या अहवालाबद्दल कुणी विचारलंच तर: अमेरिकेतल्या जनुकशास्त्र संघटनेच्या २०१५ च्या नियमावलीत, जी जगभर वापरतात, संगणकी गुणांना फक्त ‘आधारभूत’ पुराव्याचा, म्हणजे सर्वांत खालचा दर्जा आहे. सिकलसेलचं निदान आजही मुख्यतः रक्ताच्या नमुन्यावर, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या एचपीएलसीसारख्या चाचणीने होतं.

पुढचा सराव म्हणून जी६पीडी घ्या, युनिप्रॉट क्रमांक पी११४१३, ५१५ अक्षरं. हे एन्झाइम आहे, बिघाडाची वाट बहुतेक वेळा घडी किंवा क्रियाशीलता ढासळण्याची, म्हणजे मॉडेलच्या घरच्या मैदानावरचा सामना. ४४ व्या जागी अ‍ॅलानिनऐवजी ग्लायसिन हा ओरिसा प्रकार, आणि १८८ व्या जागी सेरिनऐवजी फिनाइलअ‍ॅलानिन हा मेडिटेरेनियन प्रकार. दोन्ही भारतात आढळतात. इथले क्रमांक मेथिओनिन धरूनच मोजलेले आहेत, एक वजा करू नका. तरी पाच अक्षरांची खिडकी छापाच.